कोकणातल्या पावसात नव्या बाळासाठी पर्यावरणपूरक डायपर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की बाळ जुलैत येणार आहे, घर गुहागरजवळच्या एका वाडीत आहे, तिथे घंटागाडी येत नाही, आणि ‘बांबूचे’, ‘विघटनशील’ असं छापलेले महाग डायपर घ्यावेत का हे ठरत नाही. माझी दोन्ही मुलं रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या घरात वाढली, थोरल्याचे पहिले महिने तर ऐन पावसाचे होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाकिटावर काय छापलंय ते बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. ही वस्तू आषाढात तुमच्या पडवीत वाळेल का? आणि वापरून झाल्यावर ती जाणार कुठे? या दोन प्रश्नांवर घरच्या जुन्या सुती कापडाचा लंगोट बाजारातल्या जवळजवळ सगळ्या मालाला मागे टाकतो.

‘बांबूच्या’ डायपरमध्ये बांबू असतो तो बहुधा अंगाला लागणाऱ्या थरात. तोही बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोजचा धागा असतो. आत मूत धरून ठेवणारे दाणे बहुतेक वेळा सोडियम पॉलिअक्रिलेट या कृत्रिम रसायनाचेच असतात, शिवाय इलॅस्टिक आणि चिकटपट्ट्या. ‘विघटनशील’ डायपरमधलं मक्याच्या स्टार्चपासून केलेलं प्लॅस्टिक कुजतं हे खरं, पण त्याला कारखान्यातल्या खत प्रकल्पाची साठएक अंश उष्णता लागते. परसातल्या खड्ड्यात ती मिळत नाही. तुमच्या वाडीत असला डायपर आणि साधा डायपर यांचा शेवट एकच, फक्त पैसे जास्त गेलेले.

आता धुऊन वापरायचे शिवलेले कापडी डायपर. ते वाईट नाहीत, पण बरेच प्रकार पावसाळ्यासाठी केलेले नसतात. सगळे थर एकत्र शिवलेला जाड डायपर इथल्या जुलैत दोन-दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून खरेदी करताना हे लक्षात ठेवा.

लंगोटाची खुबी त्याच्या घडीत आहे. साधारण पाऊण मीटरचा चौकोनी तुकडा बांधताना पाच-सहा पदरी होतो, आणि वलणीवर टाकला की एकपदरी. म्हणून तो वाळतो. जुनं सुती नऊवारी, धोतर, वापरून मऊ झालेली पंचा-चादर, यांतून हवे तितके तुकडे निघतात. नवं कापड घ्यायचं तर मलमल घ्या, पण चार-पाच वेळा धुऊन मगच वापरा, कोरं सूत पाणी नीट शोषत नाही. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. पावसात वाळायला दोन दिवस धरले तर निदान पस्तीस-चाळीस तुकडे हाताशी हवेत. वरून घालायला पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे चार-पाच कव्हर पुरतात. ते पटकन वाळतात, फक्त उकळत्या पाण्यात घालू नका, आतला थर सुटतो. मायक्रोफायबरचे पॅड टाळा: तो पॉलिएस्टर आहे, थेट अंगाला लागला तर कातडी कोरडी पडते, आणि धुताना त्याचे तंतू पाण्यात जातात.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. जुन्या साड्या पेटीत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेल्या असतील तर ते कापड बाळाला लावू नका. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं त्यांना हा धोका असतो, आणि ते बाळाकडे बघून कळत नाही. अशा पेटीतलं कापड बाळासाठी घेऊच नका, आणि लंगोटांच्या कपाटात डांबरगोळी कधीच नको. पावसात सवयीने कुणीतरी टाकतं, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

वाळवण्यासाठी पडवीत उंच वलणी बांधा, खाली पंखा लावा, आणि उरलेला ओलावा इस्त्रीने काढा. चूल असेल तर तिच्या वर दोरी चालते, पण धूर कापडात बसणार नाही इतक्या अंतरावर. उघडीप मिळाली की सगळं काम सोडून लंगोट अंगणात टाका. उन्हाने डागही जातात आणि जंतूही मरतात.

धुण्याचं काम तुम्ही घ्या. बाळंतिणीला गार पाण्यात हात घालू द्यायचा नसतो, हे तरी आपल्याकडे सगळे मानतात. शी आधी संडासात टाका, मग पहिलं खळबळणं पागोळ्यांखाली भरलेल्या बादलीतल्या पाण्याने करा, पावसात ते फुकट मिळतं. ते घाण पाणीही संडासातच ओता. विहिरीच्या आसपास किंवा ओढ्या-पऱ्यात अजिबात नाही, कारण आपला जांभा सच्छिद्र, वरचं पाणी खाली जायला वेळ लागत नाही. नंतर साधी पावडर, भरपूर पाणी. कापड मऊ करणारी द्रव्यं घालू नका, त्यांनी लंगोटाचं शोषणं कमी होतं. जंतुनाशकाचाही रोज उपयोग नाही, त्याने बाळाची त्वचा चुरचुरते.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली वापरून टाकायचे आणि कापडी अशा दोन्ही प्रकारांचा जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला होता. हवामानावरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला, आणि कापडाच्या बाजूने सगळं अवलंबून होतं ते धुण्या-वाळवण्यावर. यंत्र पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर परिणाम चाळीस टक्क्यांनी घटतो. आपल्या घरांत यंत्राने वाळवतं कोण? आणि लंगोट एका बाळानंतर भावजयीकडे, मग चुलत नणंदेकडे जातच असतात. तुमच्याकडे ही रीत असेल तर नवं काही घेण्याआधी नात्यात विचारून बघा.

महिन्या-दोन महिन्यांनी बाळाला पायांवर बसवायला लागा. दूध पिऊन झाल्यावर, झोपेतून उठल्यावर, आपले दोन्ही पाय लांब करून त्यांच्या बेचक्यात बाळाला धरायचं आणि ‘शू शू’ करायचं. तुमच्या आईला हे नक्की येतं. दिवसाचे कितीतरी लंगोट वाचतात, आणि कमी धुणं हेच सगळ्यात पर्यावरणपूरक.

वापरून टाकायचा डायपर पूर्ण वर्ज्य करा असं मी म्हणणार नाही. एस.टी.चा प्रवास, दवाखाना, आठवडाभर सूर्य न दिसलेली रात्र, बाळंतीण थकलेली, तेव्हा लावा आणि मनाला लावून घेऊ नका. साधाच लावा, पण ओला झाला की बदला. फक्त तो टाकायचा कुठे हे आधी ठरवा. पातेऱ्याबरोबर जाळू नका, तो धूर घरातच येतो. परसात पुरू नका, कुत्री उकरतात आणि पाऊस उरलेलं वहाळात नेतो, तिथून समुद्रात. संडासात टाकला तर टाकी तुंबते. घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेले डायपर हा ‘सॅनिटरी’ कचरा आहे, तो नीट गुंडाळून द्यायचा असतो. ग्रामपंचायतीत आत्ताच जाऊन विचारा की तुमच्या वाडीचा असा कचरा कोण नेणार. सोय नसेल तर कोरड्या पिशवीत बांधून ठेवा आणि जिथे गोळा करतात तिथे नेऊन द्या. हा त्रास दिसला की डायपर आपोआप कमी वापरले जातात.

लाली आली तर कापड काढून थोडा वेळ उघडं ठेवा, पावडर टाळा. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टे आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बहुधा बुरशी असते, दमट हवेत वाढते, त्याला डॉक्टरांचं मलम लागतं. आणि छोट्या मापाचे मोठे पॅक आत्ताच घेऊन ठेवू नका. बाळ किती वजनाचं येईल हे आधी कळत नाही, एक लहान पाकीट दवाखान्याच्या पिशवीत असलं की पुरे.