सावत्र भावाला डोनर म्हणून विचारायचं का, आणि घटस्फोटित वहिनीचं काय

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मोठ्या भावाला ब्लड कॅन्सर, डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतायत, तुमचा एचएलए रिपोर्ट (डोनर जुळतो का ते बघायची टेस्ट) यायचाय, बाबांच्या दुसऱ्या लग्नाचा मुलगा आहे पण त्याच्याशी बोलणं नाही, त्याला विचारायचं का? आणि भावाची घटस्फोटित बायको रोज त्याच्यापाशी असते ते आईला खपत नाही. मी यातून गेलोय. आजारी होती माझी धाकटी बहीण, डोनर मी, आणि तिचं सगळं निस्तरलं ते तिच्या आधीच्या नवऱ्याच्या बहिणीने. घटस्फोटानंतर कसली नणंद म्हणा, पण आम्ही अजून नणंदच म्हणतो.

आधी सावत्र भावाचं बघू. रागलोभ जरा बाजूला ठेवून गणित बघा. एचएलए म्हणजे पेशींवरच्या खुणा, त्यांचा एक संच आईकडून येतो, एक बाबांकडून. तुम्ही सख्ख्या बहीण, म्हणजे पूर्ण मॅच व्हायची शक्यता चारात एक, अर्ध्या मॅचची चारात दोन, काहीच न जुळण्याची चारात एक. आईबाबा दोघंही अर्धे मॅच असतातच. सावत्र भाऊ फक्त बाबांच्या बाजूने जोडलेला, भावाकडे आलेला बाबांचा तोच संच त्याच्याकडेही आला असेल तर अर्धा मॅच, नाहीतर काही नाही, छापा-काटाच. पूर्ण मॅचची आशा त्याच्याकडून धरूच नका. पूर्वी अर्ध्या मॅचला डॉक्टर सहसा हात घालत नसत, आता ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध देऊन बऱ्याच ठिकाणी करतात.

मग आईबाबा आहेत तर त्याला विचारायचंच कशाला? तर वय. डोनर तरुण असलेला बरा, आईवडिलांचं बीपी-शुगर आडवं येऊ शकतं, शिवाय पेशंटच्या रक्तात एखाद्या डोनरविरुद्धच्या अँटीबॉडी निघाल्या तर तो डोनर बाद व्हायची शक्यता असते. म्हणून तुमचा रिपोर्ट पूर्ण मॅच नाही आला तर विचाराच, माझं स्पष्ट मत. फक्त आईने किंवा मावशीने फोन करून रडारड करायची नाही. त्याला एवढंच सांगा की टेस्ट म्हणजे थोडं रक्त किंवा गालाच्या आतून घेतलेला स्वॅब, जुळलं तर पुढचं डॉक्टरांशी बोल, आणि नाही म्हणालास तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तर फोन दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

तो विचारेलच, त्रास किती. मला चारपाच दिवस इंजेक्शनं होती, कंबर आणि हाडं ठणकली, मग मशीनला लावून काही तास आडवं ठेवलं आणि रक्तातून पेशी काढून घेतल्या, झालं. काहींचा मॅरो भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. डोनरला तपासणारा डॉक्टर पेशंटच्या डॉक्टरपेक्षा वेगळा असायला हवा, तसं मागून घ्या, म्हणजे नको म्हणायचं असेल तर तो तिथे मोकळेपणी बोलेल आणि चांगल्या ठिकाणी त्याचं कारण घरच्यांना कळू देत नाहीत. पण माघार घ्यायचीच तर भावाची ट्रान्सप्लांटआधीची हेवी केमो सुरू व्हायच्या आत. त्या केमोने त्याचा स्वतःचा मॅरो मारलेला असतो, नंतर डोनर हटला तर जिवावर बेततं.

(एक नाजूक गोष्ट. या टेस्टमधून कधीकधी कोण कुणाचं नाही हेही बाहेर येतं. तुमच्या घरात तशी कुजबुज असेल तर रिपोर्ट कुणाकुणाला दाखवायचा हे आधीच हॉस्पिटलशी बोला.)

आता वहिनी. आई म्हणते हिचा काय हक्क. ट्रान्सप्लांटनंतर साधारण पहिले १०० दिवस एक माणूस चोवीस तास लागतो आणि बरीच सेंटर तो कोण हे आधी लिहून घेतात. त्याने गोळ्या वेळेवर द्यायच्या, ताप १०० पॉइंट ४ च्या वर गेला की सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं, अंगावर पुरळ किंवा जुलाब दिसले की लगेच कळवायचं, भेटायला आलेल्या सर्दीवाल्या काकांना दारातूनच परत पाठवायचं. शेवटचं काम घरातल्यांना जमत नाही, नात्याची भीड पडते. आमच्या नणंदेला कसलीच भीड नव्हती, तिने माझ्या आईलाही एकदा बाहेर बसवलं होतं, आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही पण तिच्याच हातून वही घेऊन गोळ्यांच्या वेळा उतरवून घेत होती. तुमच्या वहिनी हे करायला तयार असतील तर त्यांना अडवू नका. त्या परत संसार मांडायला आल्यात का, ही चर्चा आत्ता अजिबात नको. आईला एखादं काम द्या जे फक्त तिचं असेल, रिकाम्या हाताने बसलेलं माणूस जास्त भांडतं.

आणि कागद. शुद्धीवर नसताना निर्णय कुणी घ्यायचा, डॉक्टरांनी माहिती कुणाला द्यायची, हे भावाकडून आत्ताच लेखी घ्या. कायदा जागोजागी वेगळा, घटस्फोटित बायकोला बऱ्याचदा आपोआप काहीच अधिकार नसतो, त्यामुळे हॉस्पिटलला कुठला फॉर्म चालतो ते विचारून घ्या. आणि हे त्याला आईसमोरच विचारा, नाहीतर उद्या वहिनीने फूस लावली हे ऐकावं लागेल.