प्रूफ जास्त म्हणजे बर्बन भारी?

मागच्या अंकात सिंगल बॅरल बर्बनवर (एकाच पिंपातून भरलेली अमेरिकन व्हिस्की) चार ओळी लिहिताना "घेताना प्रूफ बघून घ्या" (प्रूफ म्हणजे दारू किती कडक त्याचा आकडा) असं एक वाक्य टाकून मी मोकळा झालो होतो, आणि आता सगळी पत्रं त्या एकाच वाक्यावर आलीत. चूक माझीच, तेव्हा निस्तरतो.

प्रश्न (न्यू जर्सीहून): मेव्हण्याच्या पन्नाशीला द्यायला बाटली बघत होतो. एक ब्लँटन्स, 93 प्रूफ, 130 डॉलर. शेजारीच नॉब क्रीक सिंगल बॅरल, 120 प्रूफ, 55 डॉलर. दोन्ही सिंगल बॅरल, मग जास्त कडक ती अर्ध्याहून कमी भावात कशी? दुकानदार म्हणाला ब्लँटन्स मिळतेय तर सोडू नका, म्हणून तीच घेतली. फसलो का?

उत्तर: फसला नाहीत हो, मेव्हणा खूश होईल. फक्त पैसे दारूचे कमी आणि झाकणावरच्या घोड्याचे जास्त दिलेत. तो छोटा पितळी रंगाचा घोडा-जॉकी आहे ना, त्याच्या आठ वेगवेगळ्या पोझ असतात, प्रत्येकावर एक अक्षर, आणि आठ जमले की ब्लँटन्सचं स्पेलिंग पूर्ण होतं. ते जमवायला लोक कुठल्या थराला जातात ते बघितलंत तर 130 डॉलरचं कोडं बरंचसं तिथंच सुटेल.

पण तुमचा मूळ प्रश्न प्रूफचा. अमेरिकेत प्रूफचा हिशोब सोपा आहे, आकड्याला दोनने भागा, आली अल्कोहोलची टक्केवारी. 93 म्हणजे 46.5 टक्के, 120 म्हणजे 60 टक्के. कायदा म्हणतो की बर्बन पिंपात भरताना 125 प्रूफच्या वर नको आणि बाटलीत 80 च्या खाली नको, आणि पिंप फोडल्यावर किती खाली आणायचं ते कंपनीने ठरवायचं, आणि खाली आणायचं म्हणजे दुसरं काही नाही, सरळ पाणी घालायचं. बऱ्याच जणांना वाटतं सिंगल बॅरल म्हणजे पिंपातून थेट बाटलीत, पण तसं नाहीये. सिंगल बॅरल म्हणजे एका पिंपातला माल दुसऱ्या पिंपात मिसळला नाही एवढंच, पाणी घालायला कुणाची मनाई नाही. अजिबात पाणी न मारलेली हवी असेल तर लेबलवर 'बॅरल प्रूफ' किंवा 'कास्क स्ट्रेंग्थ' शोधा.

आता पिंपाचा हिशोब करू, कारण किमतीची खरी गंमत तिथे आहे. बर्बनचं पिंप 53 गॅलनचं, म्हणजे साधारण 200 लिटर. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उन्हाळ्यात दरवर्षी त्यातलं थोडं थोडं उडून जातं. समजा काही वर्षांनी एका पिंपात 130 लिटर उरलं आणि ते 120 प्रूफवर आहे. तसंच भरलं तर 173 खंबे (750 मिलीच्या बाटल्या) निघतील. ब्लँटन्ससारखं 93 वर आणलं तर 223 च्या आसपास. आणि कायद्याच्या तळाला, 80 वर नेलं तर 260. एकच पिंप, तेवढीच वर्षं, तेवढाच माल, वरच्या सत्त्याऐंशी बाटल्या नळातून आल्या (नळातून म्हणजे गाळलेल्या, खनिजं काढलेल्या पाण्याच्या, पण पाणीच). त्यामुळे जास्त प्रूफची बाटली महाग असणं हे न्यायाचंच आहे, तुम्ही पाण्याऐवजी व्हिस्कीचे पैसे देताय.

लोक टॅक्सचंही कारण सांगतात, ते फारसं खरं नाही. तिथला केंद्राचा कर अल्कोहोलच्या प्रमाणात लागतो, पूर्ण दर 13.50 डॉलर प्रति प्रूफ गॅलन (100 प्रूफची एक गॅलन), म्हणजे एका खंब्यावर 93 प्रूफला अडीच डॉलर आणि 120 ला 3.20 डॉलरच्या जवळपास. फरक सत्तर-पंचाहत्तर सेंटचा. एवढ्याने कोण मरतंय.

मग तुमच्या दुकानात उलटं का? कारण प्रूफ फक्त बाटलीचा खर्च ठरवतं, भाव ठरवते मागणी. ब्लँटन्स 1984 साली आली, एल्मर टी. ली या माणसाने केंटकीतल्या फ्रँकफर्टला काढली (जर्मनीतलं नव्हे), आणि सिंगल बॅरल म्हणून बाजारात आणलेली पहिली बर्बन म्हणून तिचं नाव झालं. आज ती दुकानात दिसली की लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. नॉब क्रीक बिचारी शेल्फवर कायम असते, म्हणून तिला भाव नाही. तुमच्या त्या 55 डॉलरच्या बाटलीत घरी पाणी घालून 93 वर आणलीत तर जवळजवळ 970 मिली होते, म्हणजे 43 डॉलरला एक खंबा पडला. चव ब्लँटन्सची येणार नाही, मॅश (धान्याचं मिश्रण) वेगळा, गोदाम वेगळं, पण निव्वळ दारूच्या हिशोबात ती बाटली स्वस्त होती हे नक्की.

हे मी नुसतं कागदावर बोलत नाहीये. मागच्या रविवारी नॉब क्रीकचीच बाटली उघडून बसलो, 30 मिली ग्लासात, आणि घरातलं कफ सिरपचं माप घेतलं. पहिला घोट तसाच घेतला तर जीभ बधिर, नाकात झिणझिण्या, मागे कुठेतरी काहीतरी भाजल्यासारखं. अडीच मिली पाणी, म्हणजे 110-111 प्रूफ, आता भाजलेले शेंगदाणे स्पष्ट. सहा मिलीला बरोबर 100 प्रूफ, आणि तिथे मला लोणावळ्याची चिक्की सापडली, शेंगदाणे आणि जरा जास्तच शिजलेला गूळ, अगदी तीच. नऊ मिलीला 93 च्या खाली थोडं, गोडवा पुढे आला पण लाकडाचा तिखटपणा गेला. पंधरा मिलीला 80 प्रूफ, आणि ते मग... प्यायलो, टाकणार थोडीच, पण काल उरलेल्या चहात पाणी घालून गरम केल्यासारखं लागलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, औषधाचं माप धुऊन ठेव.

प्रश्न (ठाण्याहून): आमच्याकडच्या व्हिस्कीवर 75 डिग्री प्रूफ लिहिलेलं असतं. मग अमेरिकन 80 प्रूफवाली आपल्यापेक्षा कडक झाली की. पण पिताना तसं वाटत नाही.

उत्तर: तुमची जीभ बरोबर आहे, आकडे फसवतायत. आपल्याकडचं प्रूफ इंग्रजांचं, अमेरिकेचं वेगळं. इंग्रजांची जुनी गोष्ट अशी सांगतात की बंदुकीच्या दारूवर रम ओतायची आणि काडी लावायची, पेटली तर माल 'प्रूफ'. पुढे त्याचं मोजमाप पक्कं झालं ते 57.15 टक्के अल्कोहोल म्हणजे 100 डिग्री प्रूफ. त्याचे 75 म्हणजे 42.8 टक्के, म्हणून आपल्या बाटलीवर 42.8 असतं. आणि बाजूला '25 यूपी' लिहिलेलं असतं ते उत्तर प्रदेश नव्हे, 'अंडर प्रूफ', शंभराच्या पंचवीस खाली. अमेरिकन हिशोबात हीच 85-86 प्रूफ झाली, म्हणजे 80 वाली खरं तर आपल्यापेक्षा किंचित हलकी. तेव्हा प्रूफ सोडा आणि टक्के बघा, टक्के सगळीकडे सारखेच.

एक मात्र ध्यानात ठेवा, 120 प्रूफची 60 मिली म्हणजे 80 प्रूफची 90 मिली. आपल्या परमिट रूमच्या सवयीने दोन लार्ज भरलेत तर पोटात तीन गेलेले असतात आणि चकणा यायच्या आत कळतं.

प्रश्न (पुण्याहून): पुतण्या अमेरिकेत शिकून आलाय, म्हणतो चांगल्या बर्बनमध्ये पाणी घालणं हा गुन्हा आहे, आणि जेवढं प्रूफ जास्त तेवढी चव जास्त. काका म्हणून मी गप्प बसू का?

उत्तर: अजिबात नको. पुतण्याला विचारा, केंटकीत पाणी घातलं तर चालतं आणि कोथरूडमध्ये घातलं तर गुन्हा, असं का?

अर्धं त्याचं बरोबर आहे. पाणी कमी असलेल्या बाटलीत तेल, लाकडाचा अर्क, जळक्या पिंपाचा कडूपणा सगळं जास्त घट्ट असतं, तोंडात वजन लागतं. शिवाय 46 टक्क्यांच्या खाली आणलेली व्हिस्की थंड झाली की गढूळ दिसते, कारण त्यातली काही तेलकट द्रव्यं कमी अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाहीत, मग गिऱ्हाईक तक्रार करू नये म्हणून कंपन्या ती गार करून गाळतात आणि गाळताना थोडा दाटपणाही जातो. रसेल्स रिझर्व्हची सिंगल बॅरल 110 प्रूफवर भरतात आणि अशी गाळत नाहीत, ती एकदा चाखून बघा.

पण चव 'असणं' आणि 'लागणं' यात फरक आहे. अल्कोहोल जिभेवर ज्या मज्जातंतूंना डिवचतं त्यातले काही तेच, ज्यांना मिरची डिवचते. ठेच्याबरोबर आमरस दिला तर आमरसाची चव कळेल का? तसंच. आणि वासाचंही आहे. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की ग्वायकॉल नावाचं धुरकट वासाचं द्रव्य 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात वरच्या थरात, म्हणजे नाकाजवळ, जमतं, आणि 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलं जाऊन आत बुडून राहतं. म्हणजे 120 प्रूफमध्ये माल आहे पण तो तुमच्या नाकापर्यंत येत नाही, दोन चमचे पाणी घातलं की येतो. ग्वायकॉल ही एकच गोष्ट आहे, सगळ्या वासांना हाच नियम लावू नका, पण दिशा कळते.

आणखी एक गोष्ट पुतण्याला माहीत नसेल. पिंपात जाताना काय प्रूफ होतं याचाही चवीवर परिणाम होतो. 1962 पर्यंत कमाल मर्यादा 110 होती, मग 125 झाली, म्हणजे तेवढ्याच अल्कोहोलला कमी पिंपं लागायला लागली. मेकर्स मार्क अजून 110 वर भरते, मिक्टर्स तर 103 वर. पिंपातच पाणी जास्त असलं की लाकडातली पाण्यात विरघळणारी साखर जास्त उतरते, आणि शेवटी बाहेरून पाणीही कमी घालावं लागतं. म्हणून 103 वर भरून 93 वर काढलेली आणि 125 वर भरून 93 वर काढलेली, बाटलीवर आकडा तोच, आत वेगळं प्रकरण. हा आकडा पुढच्या लेबलवर क्वचितच असतो आणि माझ्या मते बाटलीच्या प्रूफपेक्षा तोच जास्त कामाचा.

पाण्याबद्दल लोक किती हळवे असतात ते मेकर्स मार्कलाच विचारा. फेब्रुवारी 2013 मध्ये माल पुरत नाही म्हणून त्यांनी 90 प्रूफवरून 84 वर येतोय असं जाहीर केलं, म्हणाले चवीत फरक पडत नाही. ती सिंगल बॅरल नाही, रोजची बाटली, फरक तीन टक्क्यांचा, पण लोकांनी असं फैलावर घेतलं की आठवडाभरात निर्णय मागे. पाणी स्वतः घालतील, पण कुणी आधीच घातलेलं चालायचं नाही! आपल्या दूधवाल्याशी आपलं जे भांडण तेच हे.

मला विचाराल तर सिंगल बॅरल 100 ते 110 मध्ये घ्यावी. फोर रोझेसची 100 वर येते, आणि बर्फ टाकला तरी उभी राहते. 90 च्या खालची सिंगल बॅरल घेण्यात मला अर्थ वाटत नाही, एका पिंपाचं वेगळेपण कळावं म्हणून जादा पैसे द्यायचे आणि मग ते वेगळेपण पाण्यात घालवायचं.

प्रश्न (नागपूरहून): बहीण डिसेंबरमध्ये अटलांटाहून येतेय. बॅरल प्रूफ मागवू का? विमानात चालते का?

उत्तर: 140 प्रूफच्या वरची, म्हणजे 70 टक्क्यांपेक्षा जास्त, अजिबात चालत नाही, केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही. शौकीन लोक तिला 'हॅझमॅट' (धोकादायक माल) म्हणतात आणि वर त्याचा अभिमान बाळगतात. त्याच्या खालची चेक-इन सामानात सीलबंद असेल तर चालते, माणशी पाच लिटर, पण आपल्याकडे उतरल्यावर ड्युटी न भरता दोनच लिटर, म्हणजे दोन खंबे आणि वर थोडी जागा. इथे विकत घ्यायची म्हटली तर फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरची आयात ड्युटी 150 टक्क्यांवरून 100 वर आलीय, तरी निवड अजून मोजकीच, त्यामुळे बहिणीलाच सांगा. आणि दोनच बाटल्या येणार असतील तर जास्त प्रूफच्या मागवा, पाणी नागपुरातही आहे, ते अटलांटाहून वाहून आणायची काय गरज. बुचाची बाटली असेल तर बुचावर क्लिंग फिल्मचे चार वेढे द्यायला सांगा आणि बॅगेत उभी ठेवायला सांगा, माझी एक आडवी आली होती, येताना साड्यांना व्हॅनिलाचा वास होता.