पडद्यावरच्या कपड्यांकडे शिवणारी बाई कशी बघते

तुम्ही विचारलंय, सिनेमा किंवा मालिका बघताना गोष्ट बाजूला राहून कपड्यांकडेच बघत बसलात असं कधी झालंय का, आणि पडद्यासाठी कपडे करणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण आवडतं.

झालंय, अजूनही होतं. मी कोल्हापूरची. आई घरी ब्लाउज शिवायची, मीही गेली २७ वर्षं तेच करते. त्यामुळे नायिका रडत असली तरी माझी नजर आधी तिच्या मुंढ्यावर जाते, म्हणजे बाही खांद्यापाशी जोडतात तिथे. आवडतं कोण, तर सिनेमाची वेशभूषा करणाऱ्या भानू अथय्या.

सुरुवात घरातच झाली. आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. एकदा चित्रहार या गाण्यांच्या कार्यक्रमात 'ब्रह्मचारी' सिनेमातलं 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे' लागलं, शम्मी कपूर आणि मुमताजचं. आई एका ब्लाउजला हूक लावत बसली होती. तिने सुई तशीच धरून टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही साडी नेसलेली नाही गं, शिवलेली आहे. एवढी नाचतेय आणि एक निरी हलत नाही. चेन असणार कुठंतरी." मी सहावी-सातवीत असेन. तोवर साडी शिवता येते हेच मला माहीत नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की आईचं बरोबर होतं. १९६८ सालच्या त्या सिनेमासाठी भानूताईंनी साडी आधीच शिवून तिला चेन लावली होती. आणि ती केशरी आहे हे तर रंगीत टीव्ही घरी आल्यावर कळलं. तोपर्यंत माझ्या डोक्यात ती राखाडीच होती.

यात अवघड काय, ते सांगते. साडी कमरेला आणि मांडीला घट्ट लपेटली तर पाऊल पुढे पडत नाही. सैल ठेवली तर दुसऱ्या गिरकीला निऱ्या सुटतात. पिना लावल्या तर कापड पिनेपाशी ओढलं जातं आणि कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं. त्या गाण्यात मुमताज गुडघे वाकवते, कंबर हलवते, गर्रकन वळते आणि साडी तिच्याबरोबर वळते. आज लग्नसराईत दुकानादुकानांत 'रेडी टू वेअर' म्हणून शिवलेल्या साड्या टांगलेल्या असतात, त्या बघितल्या की मला हे गाणं आठवतं.

मी स्वतः पहिल्यांदा शिवलेली नऊवारी केली ती एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, लावणीवर नाचणाऱ्या मुलीला. कासोटा सुरेख बसला, पाठीमागून बघत राहावं असा. रंगीत तालमीत ती पोर खाली बसली आणि मधली शिवण उसवली. दोन पायांच्या मध्ये वेगळा जोड द्यायला हवा होता, तो मी दिला नव्हता. रात्री बसून सगळं उसवलं, जोड दिला, दुहेरी शिलाई मारली. तेव्हापासून पडद्यावरचा कपडा मी नायिका उभी असताना बघतच नाही. ती बसते, वाकते, हात वर करते, तेव्हा बघते.

भानूताईंचं माहेरचं आडनाव राजोपाध्ये. जन्म १९२९ चा, आमच्या कोल्हापूरचाच. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, ते भानूताई लहान असतानाच गेले. त्या मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाबरोबर त्यांची चित्रं प्रदर्शनात लागली. मग बायकांच्या इंग्रजी मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता त्या कपड्यांकडे वळल्या आणि १९५६ च्या 'सीआयडी'पासून सिनेमात आल्या. चित्रकाराचा हात असल्याशिवाय तसं काम होत नाही, हे माझं ठाम मत. मी माप घेऊन कापते. त्या आधी माणूस कागदावर काढत असणार आणि मग त्याला कपडे घालत असणार.

१९६५ च्या 'वक्त'मधली साधना घ्या. अंगालगतचा कुडता आणि खाली चुडीदार. आई सांगायची, तिच्या मैत्रिणी शिंप्याकडे जाऊन नुसतं "साधनासारखं" म्हणायच्या. पण चुडीदार उरेब कापावी लागते. कापड तिरकं टाकलं की ते ताण घेतं, म्हणून पायाला चिकटून बसते आणि तरी मांडी घालता येते. कापड वाचवायला कुणी सरळ कापली, की गुडघ्यात ओढते आणि एक दिवस फाटते. लांबीही पायापेक्षा जास्त ठेवायची, तेव्हा घोट्यावर त्या बांगड्यांसारख्या चुण्या पडतात. पडद्यावर हे सगळं अगदी सहज दिसतं. घरी तसंच करायला बसलं की किती कापड तिरकं जातं ते कळतं.

'आम्रपाली' (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये जाऊन चित्रांचा अभ्यास केला होता. आता आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची आपल्याला ठाऊक असलेली बहुतेक चित्रं त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी काढलेली. इतिहासाच्या जाणकारांना हे खटकेल. मला खटकत नाही, कारण त्या चित्रांतून त्यांनी नुसते दागिने उचलले नाहीत. कापड कमरेवर कुठे थांबतं, गाठ कुठे बसते, पोट किती उघडं राहतं, हे उचललं. वैजयंतीमाला त्या कपड्यांत नाचते तेव्हा भिंतीवरची बाई चालायला लागली असं वाटतं.

आणि मग 'गांधी'. त्या कामासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हे सगळ्यांना माहीत असतं, पण सिनेमात नेमकं काय बघायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. खादी बघा. नवी खादी कडक असते, अंगापासून लांब उभी राहते, घडीची रेघ जाता जात नाही. बरेचदा धुतल्यावर ती मऊ पडते आणि खांद्यावर बसते. गांधीजी झालेल्या बेन किंग्जलेंच्या अंगावरचं कापड तसं बसलेलं आहे, आदल्या दिवशी दुकानातून आणल्यासारखं कुठेही दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेतला कोट आणि ताठ कॉलर, मायदेशी परतताना काठेवाडी पोशाख आणि पागोटं, शेवटी गुडघ्यापर्यंतचा पंचा. खरे गांधीजी १९२१ मध्ये मदुराईत पंचावर आले. तो अख्खा प्रवास आवाज बंद करून बघितला तरी समजतो. रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांचा डोक्यावरून घेतलेला पदरही बघा. तो सारखा सावरावा लागत नाही, कारण तो रोज घेणाऱ्या बाईसारखा घेतलाय.

'लगान' (२००१) मला याहूनही अवघड काम वाटतं. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी 'लेकिन'साठीही मिळाला होता. दुष्काळातलं गाव, म्हणजे सगळे मळकट, मातकट रंगात. त्यात अकरा जण क्रिकेट खेळतात आणि लांबून, धुळीत, धावताना कोण कोण ते ओळखू यायला हवं. गणवेश नाही, पाठीवर नंबर नाही. तरी कोंबड्या पाळणारा भुरा, लोहार अर्जन, कुंभार इस्माईल, जटाधारी गुरन, शीख देवा हे सगळे नुसत्या पागोट्यावरून, बंडीवरून, उघड्या छातीवरून कळतात. गुजरातकडच्या केडियूला, म्हणजे तिकडच्या आखूड अंगरख्याला, छातीखाली चुण्या असतात, त्यामुळे घेर मिळतो आणि हात फिरवून चेंडू टाकता येतो. समोर इंग्रजांचे पांढरेशुभ्र, परीटघडीचे कपडे. सामना सुरू होण्याआधीच आपण गावाच्या बाजूचे झालेलो असतो.

कलाकारांचं बघून नेसायची आपल्याकडची सवय सिनेमाच्याही आधीची आहे. बालगंधर्व रंगमंचावर जे नेसायचे, जशी केशरचना करायचे, ते बघून घरंदाज बायका तसं करायच्या. म्हणजे आमच्या आजी-पणजीला नेसण्याची फॅशन शिकवली ती एका पुरुषाने. २०११ च्या 'बालगंधर्व' सिनेमाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पुरुषाचे खांदे रुंद, कंबर सरळ. अशा अंगावर शालू-पैठणी नेसवून बाईची ठेवण आणायची म्हणजे चोळीची बाही आणि पदराची पट्टी नेमकी कुठे पडते यावर सगळा खेळ. बालगंधर्व झालेल्या सुबोध भावेंकडे बघताना मला एकदाही आठवलं नाही की हे स्त्री-वेषातले पुरुष आहेत.

मालिकांबद्दल मात्र जीव तुटतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट चाललेली असते, बाई चुलीपुढे बसलेली असते आणि अंगावर कडक इस्त्रीची साडी, चोळीला प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून उभ्या शिवणी घेतलेला आजकालचा कट. कपडेपट सांभाळणाऱ्यांचा दोष काढायचा नाही मला. रोज भाग जायचा असतो, रात्री उशिरापर्यंत शूटिंग चालतं, कपडे पुन्हा पुन्हा वापरायचे असतात. पण एवढं तरी करता येईल ना, की चुलीपुढच्या साडीला दोनदा पाण्यातून काढावं आणि इस्त्री करू नये? याला पैसे लागत नाहीत. माझ्याकडे मुली मोबाइलवर मालिकेतला फोटो घेऊन येतात, "काकू, अस्साच ब्लाउज हवा". मी शिवून देते, पण मुंढा थोडा मोकळा ठेवते. मालिकेतल्या मुलीला बसमध्ये वरची दांडी धरायची नसते, हिला धरायची असते.

भानूताई २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. ऑस्करची बाहुली त्यांनी २०१२ मध्येच ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीकडे परत पाठवली होती, ती तिथे नीट जपली जाईल म्हणून. त्या बातमीने मला तेव्हा वाईट वाटलं होतं. ती कोल्हापुरात असती तर मी बघायला गेले असते.

आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. पण ते मुमताजचं गाणं मी मोबाइलवर लावून दिलं की ती मध्येच थांबवायला सांगते, दोन बोटांनी चित्र मोठं करते आणि डोळे बारीक करून बघत राहते. चेन अजून सापडलेली नाही.