पैशांची मर्यादा नसेल तर ताफा कसा मांडावा

नागपूरसाठी आदर्श अग्निशमन ताफा कागदावर मांडताना नवखा अधिकारी बहुधा सर्वांत उंच शिडीपासून सुरुवात करतो. मी तुम्हाला इतवारीच्या गल्लीपासून सुरुवात करण्यास सांगेन. हातगाड्या आणि दुकानांच्या पायऱ्या यांमधून मोठा बंब वळत नाही, हे मी एकदा अर्ध्या वाटेत अडकून आणि होज, म्हणजे पाण्याचा पाइप, खांद्यावर वाहून शिकलो आहे. म्हणून पहिला खर्च उच्च दाबाचा पंप असलेल्या लहान गाड्यांवर करावा, कारण त्या थोड्या पाण्यात बारीक फवारा देतात. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन 10 टन होते. त्याने मुख्य रस्त्यावर थांबून या गाड्यांना पाणी पुरवावे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींसाठी फोम टेंडर, म्हणजे फेस मारणारा बंब, वेगळा हवा, कारण जळत्या तेलावर केवळ पाणी मारल्यास तेल त्यावर तरंगून आग पसरवते. शिडीची गाडी अवश्य घ्यावी; मात्र तिला स्थिर ठेवणारे बाजूचे जॅक पसरण्याइतकी जागा इमारतींच्या आवारात आहे का, हे आधी फीत लावून मोजावे. बचाव साहित्याची गाडी तर हवीच.

सुट्या भागांत मात्र हात आखडू नये. नागपूरच्या मे महिन्यात पाणी ओढणाऱ्या सक्शन होजच्या कपलिंगमधील (जोडातील) रबरी वॉशर वाळून चिरतो, तेथून हवा शिरते आणि महागडा पंप विहिरीतले पाणी उचलत नाही.