एका रेघेवर न मावणारा लिंगभाव

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. आपण स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही, ‘नॉन-बायनरी’ आहोत, असे आमच्या १९ वर्षांच्या मुलीने दिवाळीत सांगितले. वहीत आडवी रेघ ओढून तिने एका टोकाला ‘स्त्री’, दुसऱ्या टोकाला ‘पुरुष’ लिहिले आणि मध्यापाशी टिंब दिले. आता ते टिंबच चुकले, असे ती म्हणते. हल्ली ती ‘मी जाते’ असेही म्हणत नाही. ‘मला निघायचंय’ म्हणते. डॉक्टरांना दाखवावे का?
— एक आई

उत्तर : आपल्या लेकराने टिंब चुकीचे ठरवले, ते मला विचारपूर्वक केलेले दिसते. एकच रेघ धरली की पुरुषाकडे एक पाऊल सरकणे म्हणजे स्त्रीपासून एक पाऊल लांब जाणे ठरते. शिवाय ज्यांना दोन्ही भाव भरभरून जाणवतात ते बायजेंडर आणि ज्यांना कोणताच जाणवत नाही ते एजेंडर, अशा दोघांनाही त्याच मध्यावर बसावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी १९७४ मध्ये पुरुषी आणि बायकी मानल्या जाणाऱ्या गुणांसाठी दोन स्वतंत्र पट्ट्या वापरल्या. त्यांची चाचणी स्वभावगुणांची होती, ओळखीची नव्हे. तरी दोन पट्ट्यांची कल्पना इथे कामी येते, कारण त्या दोन्ही भरलेल्या असू शकतात किंवा दोन्ही रिकाम्या. जागा वेळोवेळी बदलत असेल, तर त्यालाही जेंडरफ्लुइड हा शब्द आहे. अमेरिकी लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्सी यांची १९४८ ची शून्य ते सहा ही पट्टी मात्र लैंगिक आकर्षणाची आहे. तिच्यात हे उत्तर शोधू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगभावातील विसंगती, म्हणजे जन्मावेळी ठरवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव न जुळणे, मानसिक विकारांत मोडत नाही. झोप उडाली असेल किंवा अभ्यास सुटला असेल, तर समुपदेशकाकडे जरूर जावे. टिंबाची जागा ठरवून घेण्यासाठी जाऊ नये.

आपण टिपलेले ते वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘जातो’ आणि ‘जाते’ यांपैकी एक निवडायला लावणाऱ्या भाषेत आपल्या लेकराने ‘मला निघायचंय’ ही वाट स्वतः शोधली आहे, आणि ‘मी पुस्तक वाचलं’ यातही बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. मी इथे ‘लेकरू’ म्हणतो आहे तेही जाणूनबुजून. व्याकरणाने तो शब्द नपुंसकलिंगी असला, तरी त्यातली माया कमी होत नाही. घरात ‘ती’ म्हणावे, ‘ते’ म्हणावे की नुसते नाव घ्यावे, हे आज रात्री जेवताना लेकरालाच विचारा.