विमान कंपनीत वैमानिक असताना प्रादेशिक सेनेत अधिकारी होता येते का?

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर कमर्शियल परवान्याचे २०० तास पूर्ण करता करता आपण विचारले आहे की, पुढे विमान कंपनीत लागल्यावर अमेरिकेतल्या वैमानिकांप्रमाणे सुट्टीच्या दिवसांत राखीव दलाची विमाने उडवता येतील का, की घरचे म्हणतात तसे दोहोंपैकी एकच काही धरावे. मी खानापूर तालुक्यातला. एका विमान कंपनीत कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, आहे आणि काही वर्षांपासून प्रादेशिक सेनेत, म्हणजे आपली नोकरी सांभाळून अर्धवेळ सेवा देणाऱ्या ज्या दलाला आपल्याकडे सगळे टीए म्हणतात तिथे, अधिकारीही आहे. त्यामुळे उत्तर अनुभवावरून देतो.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर नाही असे आहे. अमेरिकेत एअर नॅशनल गार्ड आणि हवाई दलाचे राखीव दल यांत प्रवासी विमान कंपन्यांचे वैमानिक खरोखरच लष्करी विमाने उडवतात, आणि १९९४ च्या एका कायद्याने त्यांची मूळ नोकरी व तिथली ज्येष्ठता राखली जाते. आपल्याकडेही १९५२ मध्ये राखीव व सहायक हवाई दलांचा कायदा झाला होता आणि त्याखाली नागरी वैमानिकांच्या सहायक तुकड्या उभ्या राहिल्या होत्या; पण त्या पुढे नियमित हवाई दलात सामावून घेतल्या गेल्या. आज नोकरी सांभाळून गणवेश घालू इच्छिणाऱ्या नागरी माणसासाठी जो रस्ता उघडा आहे, तो प्रादेशिक सेनेचा, आणि तिथे आपण मुख्यतः पायदळाचे अधिकारी असता. मला गंमत वाटते ती एवढीच की दोन्हीकडे मला कॅप्टनच म्हणतात. सैन्यात खांद्यावर तीन तारे असतात, विमानात चार पट्ट्या. पलटणीत माझ्या विमानविद्येचा उपयोग नकाशा आणि हवामान वाचण्यापलीकडे फारसा झालेला नाही.

अटी थोडक्यात अशा : वय १८ ते ४२, पदवी, स्वतःचे उत्पन्नाचे साधन, आणि नियमित सैन्य किंवा पोलीस दलात नोकरी नसणे. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी) आणि वैद्यकीय मंडळ या पायऱ्या पार केल्यावर लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळते. बेळगावच्या कॅम्पात ११५ महार आणि कोल्हापुरात १०९ मराठा या टीएच्या पायदळ पलटणी आहेत, पण आपण बेळगावचे म्हणून बेळगावच मिळेल असे गृहीत धरू नये.

खरी अडचण धैर्याची किंवा देशप्रेमाची नाही. आपल्या भागात घरटी एक माणूस पलटणीत असतो, तिथे ती उणीव कुणाला जाणवणार? अडचण दिनदर्शिकेची आहे. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत केव्हातरी डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत तीन महिने. दुसऱ्या बाजूला प्रवासी विमान उडवायचे तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात, आणि वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर कौशल्य चाचणी द्यावी लागते. म्हणजे दोन महिन्यांच्या शिबिरातून आपण जेमतेम सुटता, पण डेहराडूनच्या तीन महिन्यांनी ही मुदत हमखास संपते, आणि मग परतल्यावर सिम्युलेटरची वेळ मिळेपर्यंत आपण कंपनीच्या दृष्टीने पगारावरचा, पण उडू न शकणारा माणूस असता. माझ्या बाबतीत ही वेळ मिळायला जवळजवळ तीन आठवडे लागले, कारण मी परतण्याची तारीख तोंडी सांगितली होती आणि रोस्टर, म्हणजे उड्डाणांच्या पाळ्या, लावणाऱ्या विभागात ती कुणी लिहूनच ठेवली नव्हती. तेव्हापासून शिबिराचे पत्र हाती पडताच त्याची प्रत, परतण्याची अपेक्षित तारीख आणि चाचणीची मुदत संपण्याची तारीख या तिन्ही गोष्टी मी एकाच अर्जात लिहून देतो आणि पोच घेतो.

वैद्यकीय तपासणीचा मुद्दा तर अर्ज करताना बहुतेकांच्या मनातही नसतो. दुसऱ्या शिबिरात अडथळ्यांच्या धावेत माझा गुडघा दुखावला. पलटणीत सुभेदारसाहेबांनी ‘साहेब, चार दिवस आराम करा’ म्हणून सोडून दिले, पण वैमानिकाच्या वर्ग १ वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी तोच गुडघा सव्वा महिना तात्पुरता अपात्र ठरला, आणि आमच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असल्याने त्याची झळ घरापर्यंत पोहोचली. शिबिराच्या काळात लष्कराचे वेतन मिळते; लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर लष्करी सेवा वेतन असते. पण गृहकर्ज डोक्यावर असणाऱ्या कमांडरने हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही खरे. १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७-अ मध्ये लष्करी सेवेवरून परतलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर परत घेण्याचे बंधन मालकावर घातलेले आहे. तरीही कलम दाखवून रोस्टर मिळवण्याची वेळ येऊ नये, असे माझे मत आहे. ज्या माणसाच्या हातात आपली पहाटेची उड्डाणे असतात, त्याच्याशी कायद्याच्या भाषेत बोलून फारसे साधत नाही.

शिबिर आणि पाचारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र नीट समजून घ्यावे. शिबिराची तारीख थोडीफार मागेपुढे करून घेता येते. सरकारने पलटण सेवेत बोलावली तर तसे होत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेचे अधिकारी व जवान बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ पायदळ पलटणी सेवेत घेण्याची मुभा दिली, तेव्हा आमच्या घरी दोन दिवस कुणी नीट जेवले नाही. माझी पाळी आली नाही. आली असती तर परत आल्यावर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, ताजे करण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

म्हणून घरच्यांचे म्हणणे मी पूर्ण खोडून काढणार नाही. त्यांचा क्रम बरोबर आहे, निष्कर्ष नाही. परवाना, टाइप रेटिंग आणि फर्स्ट ऑफिसरची (सहवैमानिकाची) पहिली काही वर्षे यांत दुसरे काहीही मिसळू नये, कारण कमांडरपदासाठी लागणारे तास त्याच काळात जमतात आणि तेव्हा प्रशिक्षणात गेलेले महिने फार महाग पडतात. मी कमांडर झाल्यावर, सदतिसाव्या वर्षी अर्ज केला. आपण आज विशीत असाल तर ४२ ची मर्यादा दूर आहे. तोवर पदवी पूर्ण करा, कारण परवान्याच्या मागे लागून अनेक मुले ती अर्धवट सोडतात आणि टीएचा अर्ज तिथेच अडतो.