एक बेचाळीसवरून जुंपलं, त्याबद्दल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाबाहेरच्या टपरीवर एका शाळकरी पोराच्या ८०० मीटरच्या वेळेवरून तुमच्या ग्रुपचं जे जुंपलं, त्याची खबर तुझ्या आधी दोघांनी माझ्याकडे पोहोचवली होती. तुझा मेसेज मागाहून आला : "सर, तुम्हीच सांगा, कोण बरोबर?" ते मी सांगणार नाही. पण जिल्ह्याच्या शर्यतींना हातात घड्याळ घेऊन उभं राहण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय. तेव्हा शर्यतीवरून भांडायचं तर कसं, एवढं सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून पत्र.

तारीख ३ ऑगस्ट २०२५. अमेरिकेत युजीन गावातलं हेवर्ड फील्ड, त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली ८०० मीटरची फायनल. टेक्ससमधला शाळकरी पोरगा कूपर लुटकेनहाउस, वय सोळा, १:४२.२७ मध्ये, म्हणजे एक मिनिट ४२.२७ सेकंदांत, दुसरा आला. पहिला डोनाव्हन ब्रेझियर १:४२.१६, हा २०१९ चा जगज्जेता. तिसरा ब्राइस हॉपल १:४२.४९, हाही इनडोअरचा जगज्जेता. म्हणजे पोरगा कुणा सोम्यागोम्यांत धावला नाही. आता तुमच्या टपरीवर त्याचे तीन पक्ष पडले. एक म्हणतो, हाच पुढचा रुडिशा, म्हणजे तो केनियाचा ८०० चा विश्वविक्रमवीर. दुसरा म्हणतो, बुटांची आणि सोड्याची कमाल. तिसरा, ज्याचा आवाज नेहमीच सगळ्यांत मोठा असतो, तो म्हणतो, वय तरी खोटं नाहीतर औषध तरी.

आणि मला जे कळलं त्यावरून, तिन्ही पक्षांनी मोबाइलवर फक्त शेवटचे दोनशे मीटर पाहिले होते. बाकीचे सहाशे कुणी पाहायचे रे?

आठशे ही फसवी शर्यत आहे. पहिलं वळण आपापल्या लेनमधून, मग ब्रेक लाइन आली की सगळे आत घुसतात आणि तिथून धक्काबुक्की. लेन १.२२ मीटर रुंद असते. एक अख्खं वळण एक लेन बाहेरून काढलंस, तर पावणेचार मीटरच्या आसपास जास्त धावलास. या वेगाला तो जवळपास अर्धा सेकंद होतो. म्हणून कुणाचं टायमिंग ऐकलं की आधी विचारावं, वळणावर होता कुठे? आत कोंडला होता की बाहेरून फिरला? पहिल्या फेरीला घड्याळ किती होतं? दुसऱ्या फेरीला किती?

त्या फायनलमध्ये पुढचे लोक तडक वेगात निघाले होते. शेवटचे दोनशे उरले तेव्हा पोरगा मागे होता आणि तिथून एकेकाला गाठत वर आला. क्लिपमध्ये तो सुसाट सुटल्यासारखा दिसतो. पण रुडिशाने २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या फायनलमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हाच्या त्याच्या फेऱ्या बघ : पहिली ४९.२८, दुसरी ५१.६३. जगातला सगळ्यांत वेगवान माणूससुद्धा दुसऱ्या फेरीत सव्वादोन सेकंदांहून जास्त मंदावला. आठशेच्या शेवटी बहुतेक वेळा सगळेच मंदावत असतात. त्यात जो कमी मंदावतो तो आपल्याला उडत आल्यासारखा वाटतो. त्या पोराने पहिली फेरी राखून काढली हे त्याचं खरं कौतुक, आणि नेमकं तेच त्या क्लिपमध्ये नाही.

लंडनच्या त्याच फायनलमधली आणखी एक गोष्ट वादात उपयोगी पडेल. आठवा, म्हणजे शेवटचा आलेला अँड्र्यू ओसागी १:४३.७७ धावला होता. त्याआधीच्या तीन ऑलिंपिकांत एवढ्या वेळेत सुवर्णपदक मिळालं असतं. पुढचा माणूस फाडून निघाला की मागचे सगळे ओढले जातात. लुटकेनहाउस त्याच वर्षी जूनमध्ये त्याच हेवर्ड फील्डवर १:४५.४५ धावला होता, आणि १९९६ पासूनचा अमेरिकेचा शालेय विक्रम तेव्हाच पूर्ण सेकंदाने मोडला होता. ऑगस्टमध्ये तो तीन सेकंदांहून पुढे गेला. अंतरात मोजलंस तर पंचवीस मीटर. एवढी उडी पाहून भुवया उंचावणारच, त्यात चूक काही नाही. फक्त जूनमध्ये शाळकरी पोरं सोबत होती आणि ऑगस्टमध्ये दोन जगज्जेते, हेही त्याच दमात बोलायला हवं.

बुटांचं आणि सोड्याचं थोडक्यात उरकतो. दोन्ही खरं आहे. नव्या स्पाइकमधला, म्हणजे खिळ्यांच्या बुटांमधला, फोम आणि आतली ताठ पट्टी यांनी वेळ कमी होते. म्हणूनच १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या बुटाचा तळ २० मिलिमीटरच्या वर चालत नाही. सोडा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलाच खायचा सोडा. जोरात धावताना साठणारं आम्ल तो काही प्रमाणात झेलतो. पूर्वी पोट बिघडवायचा, आता जेलमधून घेतात म्हणून जरा सोसतो. (तू भजीच्या डब्यातला चमचाभर घालून बघू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.) पण ही सोय आता वरच्या पातळीवर सगळ्यांनाच आहे. बुटांमुळे हा पोरगा १९८१ च्या ब्रिटिश सेबॅस्टियन कोपेक्षा किती मोठा, असा वाद असेल तर बुटांचा मुद्दा बरोबर, कारण को जुन्या स्पाइकवर १:४१.७३ धावला आणि तो विक्रम सोळा वर्षं टिकला. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर शेजारच्याला कसं हरवलं, याचं उत्तर बुटात मिळत नाही.

आता तिसरा पक्ष. याच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण तू गप्प बसलास तो याच माणसासमोर, असं ऐकलं.

त्याचा संशय कुठून येतो हे मला समजतं. आपल्याकडे वयाचे खोटे दाखले घेऊन किती पोरं चौदाखालच्या गटात उतरली, हे मैदानावरच्या कुणालाही विचार. म्हणून तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायची वेळ आली. औषधांचंही तसंच. बोट्स्वानाचा नायजेल अमोस लंडनमध्ये अठराव्या वर्षी १:४१.७३ धावून रुडिशामागे दुसरा आला, ज्युनिअर विश्वविक्रम झाला, जगाने डोक्यावर घेतला. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, तो बंदी असलेल्या औषधात सापडला आणि बाहेर गेला. तेव्हा संशय घेणारा वेडा असतो असं मी म्हणत नाही.

पण अमोसबद्दल आपण आज बोलतो ते नमुना पॉझिटिव्ह आला म्हणून. आणि २०२२ च्या नमुन्यावरून २०१२ च्या शर्यतीचं काही सिद्ध होत नाही, एवढंही त्याला सांग. नुसतं "एवढं पळतो म्हणजे घेतच असणार" याला पुरावा म्हणत नाहीत. असं म्हणणाऱ्याला एकच विचारायचं : तुझ्याकडे आहे काय? अहवाल, बंदीचा आदेश, काही? नसेल तर चहाचे पैसे दे आणि विषय बदल.

हे मी एवढं ताणून का सांगतो, तर एक प्रसंग. शालेय स्पर्धा होती, जिल्ह्याचीच. पेठकडचा एक मुलगा आठशेला अनवाणी उतरला आणि दुसऱ्या फेरीत सगळ्यांना सोडून निघून आला. टाइमकीपरांनी घड्याळं एकमेकांना दाखवली, इतका फरक. अर्ध्या तासाने पोह्यांच्या गाडीशी चार मोठी माणसं, त्यात दोन क्रीडाशिक्षक, त्याच्याबद्दल बोलत होती. "सतराखालचा? मिसरूड बघितलं का त्याचं?" "एकवीसचा तरी असेल." पोरगा त्यांच्या मागेच प्लेट घेऊन उभा होता, छातीवर नंबर तसाच. त्याने प्लेट गाडीवर ठेवली, चारही पिना एकेक करून काढल्या, नंबराची घडी घालून खिशात टाकली आणि पुन्हा प्लेट उचलली. एक शब्द बोलला नाही. बोलणाऱ्यांपैकी कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

पुढच्या वर्षी तो दिसला नाही. त्या बोलण्यामुळेच नाही आला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेला असेल, घरचं काही असेल. त्याचं वय मलाही माहीत नाही. पण कागद तपासायला समिती होती, हरकत घ्यायची रीत होती, आणि त्या चौघांपैकी एकानेही लेखी हरकत दिली नाही. पोह्यांच्या गाडीवर मात्र निकाल लावून मोकळे झाले. युजीनच्या पोराला तुमच्या टपरीवरचं ऐकू जात नाही. आपल्या मैदानावरच्याला जातं.

पहिल्या पक्षाकडे, म्हणजे तुझ्याकडे, शेवटी येतो. तूच ना रुडिशावाला?

आपल्या नाशिकला ही जुनी खोड आहे. कविता राऊत सावरपाड्याहून आली, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घडली, २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य घेऊन आली. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव तिला शोभलं, तिने ते कमावलं होतं. पण तेव्हापासून त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याकडच्या कुठल्याही पोरीने जिल्ह्याची एक शर्यत मारली की आपण लगेच तिला एक्स्प्रेस करून टाकतो. पुढच्या शर्यतीत ती पाचवी आली की तेच लोक तोंड फिरवतात. लुटकेनहाउसचं बघ ना. ऑगस्टमध्ये एक बेचाळीस, सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत हीटमध्येच, म्हणजे पहिल्याच पात्रता शर्यतीत, बाद. त्या रात्री तुमच्या ग्रुपवर "फुसका निघाला" कुणी लिहिलं, ते मी विचारत नाही.

फायनलमध्ये एकदा जोर लावणं वेगळं आणि थोड्या दिवसांत हीट, सेमी, फायनल असं तीनदा उभं राहणं वेगळं. शिवाय सोळाव्या वर्षी. टोकियोची फायनल केनियाच्या वान्योनीने १:४१.८६ मध्ये मारली. तिथवर पोचायला मुळात हीट काढावी लागते, आणि हीट काढणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती शर्यती हरत हरतच येते.

आपल्या श्रीराम सिंगचं घे. १९७६, मॉन्ट्रियल, ऑलिंपिक फायनल. पहिली फेरी त्याने पुढे राहून काढली, शेवटी सातवा आला, १:४५.७७. पदक नाही, गाजावाजा नाही. पण ती वेळ भारतात बेचाळीस वर्षं कुणाला मोडता आली नाही. २०१८ ला गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ केली तेव्हा ती गेली. आणि दोनच महिन्यांनी जकार्ताच्या एशियाडमध्ये त्याच जिन्सनला मनजीत सिंगने मागे टाकलं, १:४६.१५ मध्ये, जिन्सनच्या विक्रमापेक्षा अर्ध्या सेकंदाने हळू. १:४५ च्या आत भारतीय गेला तो २०२५ मध्ये, पोलंडमध्ये मोहम्मद अफसल १:४४.९३ धावला तेव्हा. या चौघांतली 'मोठी' शर्यत कुठली, यावर टपरीवर तासभर भांडा. मजा येईल. माझं मत श्रीरामला. सातवा आला तरी.

असो. येत्या रविवारी मुलांची सहाशेची ट्रायल आहे. सहाला ये, साडेसहाला नाही. दोनशे-दोनशेच्या वेळा वेगळ्या लिहायच्या आहेत, तेव्हा दोघं तरी लागतील. तुझ्या त्या तिसऱ्या पक्षवाल्यालाही घेऊन ये, त्याला मी शेवटच्या वळणावर उभा करणार आहे. घड्याळ तुझंच आण, माझ्या एकाचा सेल उतरलाय.

तुझा,
सर